वासरू नसलेली गाय

जर्मनीत, ड्रेस्डेनला आमची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. बाळंतपणासाठी सासूबाई पुण्याहून आधीच आल्या होत्या. नातीसाठी शिवलेल्या दुपट्यात त्यांनीच तिला गुंडाळून दिलं आणि आम्ही तिला तिथल्या फ्रीडहोफमध्ये, दफनभूमीतल्या लहान मुलांच्या कोपऱ्यात पुरलं.

नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात होता. थोड्याच दिवसांत तो कामावर जाऊ लागला. घरात आम्ही दोघीच उरलो. मला दूध येत होतं. घरी येणारी सुईण म्हणाली, घट्ट बांधून ठेव, आटेल.

एके दुपारी सासूबाई म्हणाल्या, "चल गं, बाहेर पडू. भिंतींकडे किती बघशील?"

ट्रामने आम्ही जुन्या शहरातल्या चित्रसंग्रहालयात गेलो. मांडीवर बाळ घेतलेली मेरी दिसली की मी पाय उचलायचे. असं करत डच चित्रांच्या दालनात पोचलो. सपाट कुरण, ढगांनी भरलेलं आभाळ आणि गाई. एक बाई तांबड्या गाईची धार काढत होती.

सासूबाई थबकल्या. "हिचं वासरू कुठंय?"

"काढलं नसेल, आई."

"वासराशिवाय पान्हा कसा सोडेल ती?" त्यांनी चित्राचा कोपरा न् कोपरा पाहिला. मग बाकावर टेकल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरच्या गाईचं वासरू मेलं होतं. त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभं करायचे. गाय चाटत राहायची, दूध द्यायची.

"ते धरून उभं राहायचं काम माझं. ती माझ्याकडे बघायची. तिला कळलं होतं गं. कळूनही चाटायची."

माझा स्वेटर ओला झाला. मी कोट ओढून घेतला, पण त्यांनी पाहिलं होतं. आपली शाल माझ्या छातीवर गुंडाळून त्या तिथेच हमसून रडायला लागल्या. दालनावर लक्ष ठेवणारी बाई धावत आली. सगळं ठीक आहे ना, तिने विचारलं. मी नुसती "हो, हो" म्हणत राहिले. मला रडूच येईना.

सासूबाई परत गेल्या. पुढच्या वर्षी कारखान्यात कपात झाली आणि नवऱ्याला स्टुटगार्टला काम मिळालं. निघायच्या दिवशी आम्ही फ्रीडहोफमध्ये मुलीकडे गेलो. मी तिथली पानं वेचत बसले. नवऱ्याने घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "आल्झो... चल, निघूया. गाडी चुकेल."

सासूबाईंना फोन केला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिच्याकडे कोण बघेल आता?"

स्टुटगार्टच्या घरात सामान चढवताना जिन्यात शेजारची आजी भेटली. हसून म्हणाली, "मुलं आहेत का तुम्हाला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा नकारार्थी मान हलवून म्हणाला, "नाइन."

वर आल्यावर त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी जवळ गेले. तो थरथरत होता. त्याच्या पाठीवर डोकं टेकलं तेव्हा कुठे मला रडू फुटलं.