गिरणीच्या आवाजावर झोपणारी

आमच्या लेकीला दिवसा गिरणीच्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. सुरुवातीचे काही महिने आम्ही हे कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो. तिसगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथे माझी पिठाची गिरणी आहे, आणि गिरणी आणि घर यांच्यात एकच भिंत. भिंतीच्या अलीकडे आईने जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. पलीकडे मी बाजरी दळत असायचो. सकाळी तेल लावून अंघोळ झाली, ओव्याची धुरी झाली, की लेक झोळीत. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की दोन-चार झोक्यांत तिचे डोळे मिटायचे. दळण घेऊन आलेल्या बाया पिठाचे हात पदराला पुसून झोळीत डोकावायच्या आणि म्हणायच्या, "गिरनीवाल्याची लेक शोभती बरं."

मी पंचेचाळिशी ओलांडलेला बाप. लेकीला कडेवर घेऊन बाजारात गेलो की हमखास कुणीतरी विचारतं, "नात का?" मी आधी खुलासा करायचो, आता नुसती मान हलवतो. उशिरा मिळालेलं मूल असल्यामुळे असेल, पण तिच्या बाबतीत माझ्या हातून काही चुकू नये असं मला फार वाटायचं. आणि तसं वाटत असतानाच मी एकामागून एक चुका करत होतो.

खरी अडचण दुपारची होती. रात्री ती बायकोच्या कुशीत निवांत झोपायची. सकाळी दळण असायचं. पण दुपारी गिऱ्हाईक नसतं, गिरणी बंद, आणि मग लेक झोपायला तयारच नाही. डोळे चोळायची, किरकिरायची, शेवटी बायको तिला पाजत पाजत झोपवायची. बायको घरी होती तोवर हे चालून गेलं.

बायको एका संस्थेच्या शाळेत गणित शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिला हजर व्हायचं होतं. नाही आलात तर नाइलाजाने दुसऱ्या बाईंना घ्यावं लागेल, असं मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत कळवलं होतं. लग्नानंतर वडिलांची गिरणी सांभाळायला मी गावी आलो, तेव्हा तिने नगरची शाळा सोडली होती. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला निदान उत्तर तरी द्यावं लागलं असतं. ही दुसरी शाळा तिला मोठ्या मुश्किलीने मिळाली होती आणि ती तिची आवडती होती.

एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, मी जाईन हो. पण ती दुपारभर रडते असं कळलं तर मी चार दिवसांत घरी येऊन बसेन. आणि एकदा बसले की परत जायची नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे."

मी म्हणालो, "दुपार माझ्याकडे लागली. तू हजर व्हायच्या आत तिला झोपायला शिकवतो."

आई चुलीपाशी बसली होती. तिला हसू आवरेना. "झोपाय शिकवतो? आरं, झोप म्हंजी काय पाढं हायेत?"

आईचं म्हणणं सरळ होतं: झोळी हलवा, थोपटा, झोपेल. पण आईचे गुडघे धरलेले. तासभर झोळी हलवणं तिला झेपणारं नव्हतं. पुण्याच्या मेव्हणीचं म्हणणं वेगळं. तिने व्हिडिओ पाठवले आणि वर फोनही केला. "भावजी, बाळ जागं असतानाच गादीवर ठेवायचं आणि बाहेर यायचं. रडलं तर थोडा वेळ थांबायचं, मग आत जाऊन दोन शब्द बोलायचे, पण उचलायचं नाही. हळूहळू थांबायचा वेळ वाढवत न्यायचा. माझी दोन्ही पोरं अशीच झोपायला लागली." मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. शहाण्या माणसांची पद्धत आहे, आपणही शहाण्यासारखं वागावं, असं ठरवलं.

बायकोला स्कूटीवरून तिसगावच्या बाजाराला पाठवलं. आईला ओट्यावर बसवलं आणि आत यायचं नाही अशी तंबी दिली. लेकीला गादीवर ठेवलं, पापा घेतला, बाहेर आलो, दार लोटलं आणि मोबाईलवर वेळ बघत उभा राहिलो. ती आधी कुरकुरली. मग तिच्या लक्षात आलं की कुणीच नाही, आणि तिने टाहो फोडला.

पुण्यात चार भिंतींच्या आत मूल रडलं तर ते आईबापाचं मूल रडत असतं. आमच्या गावात ते गल्लीचं रडत असतं. माझा पहिला थांबायचा वेळ संपायच्या आत शेजारच्या काकू अंगणात हजर. त्यांच्या मागे उद्याचं दळण आजच ठेवायला आलेली एक म्हातारी, डोक्यावर डबा तसाच.

"काय झालं रं? पोरगी का रडती?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही मावशी. झोपायला शिकवतोय."

"अन् तू हितं मोबाईल बगत हुबा? बाप हायेस का कोन हायेस?"

"मावशी, अशी पद्धत आहे. थोड्या वेळाने मी आत जाणार आहे."

"थोड्या येळानं कशाला? आत्ता काय वाघ बसलाय व्हय आत?" म्हातारीने डबा माझ्या हातात दिला आणि सरळ दार ढकलून आत गेली. लेक तिच्या कडेवर चढून बाहेर आली तेव्हा हुंदके देत देत हसत होती. मग काकू म्हणाल्या पोट दुखत असेल, म्हातारी म्हणाली दृष्ट लागली, आणि ओट्यावरून आई म्हणाली, "न्हाई, बापाला व्हिडिवो लागल्यात." बायको बाजार करून आली तेव्हा अंगणात पाच-सहा जणी, मधे लेक आणि तिच्या हातात कुणीतरी दिलेला भाकरीचा तुकडा. दुपारची झोप सोडून बाकी सगळं तिथे चाललं होतं.

पद्धत वाईट होती असं मी म्हणत नाही. पण मेव्हणीच्या व्हिडिओत दाराबाहेर गाव नव्हतं.

मग मी माझ्या डोक्याने एक युक्ती काढली. गिरणीचा आवाज मोबाईलवर भरून घेतला आणि दुपारी झोळीशेजारी लावला. लेक मोबाईलकडे बघत राहिली. चालू गिरणीने आमची भिंत थरथरते, झोळीची दोरी ज्या कडीला बांधली होती ती कडीही थरथरते. ती थरथर मोबाईलमधून कुठून येणार? शेवटी म्हटलं, खरी गिरणीच चालवू. दळण नसलं म्हणून काय झालं?

धान्य न घालता गिरणी चालवायची तर दगड एकमेकांपासून सैल करून ठेवावे लागतात. तसे केले. पण मोकळ्या गिरणीचा आवाज पातळ असतो, नुसता घरघरतो, आणि लेकीने एक डोळा उघडून ते ओळखलं. मग मी दगड किंचित आवळले. आवाज भरला. बाजरी पडतेय असाच. लेक झोपली. मी बाहेर येऊन खुर्चीवर बसलो आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

कोरडे दगड आवळून फिरवायचे नाहीत, हे मला वडिलांनी मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. दगडावर दगड घासतो, त्याची पूड निघते आणि पुढच्या दळणात उतरते. मी स्वतःला सांगत होतो, किंचितच तर आवळलेत. रोज किंचित.

आठवड्याभरात तक्रारी यायला लागल्या. भाकरी कचकच लागते. मी गिऱ्हाइकांना म्हणालो, "बाजरी नीट पाखडून आणा, खळ्यातले खडे येतात." हे सांगताना आजही लाज वाटते. त्या बिचाऱ्या बाया घरी जाऊन पुन्हा पाखडत बसल्या. एकीच्या नवऱ्याने ताट सरकवून दिलं आणि तिला बोल लावला, असं कानावर आलं. तरी मी गप्प. कारण दुपारी लेक झोपत होती आणि बायको हळूहळू शाळेच्या साड्या इस्त्रीला काढत होती.

मग एका जेवणात आईने पहिला घास चावला आणि चावायची थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आरं, आपुन दगड खातोय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दुपारी गिऱ्हाईक नसताना गिरणी का चालते, हे तिने मला आधी विचारलं होतं आणि मी 'साफ करतोय' असं सांगितलं होतं. मी ताटावरच सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. ती इतकी हसली की लेक दचकली. मग डोळे पुसत म्हणाली, "आता हे जसंच्या तसं बाहेर सांगा. त्या बाया फुकट पाखडून पाखडून दमल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दळणाच्या रांगेपुढे उभा राहून मी सांगितलं. ज्यांचं पीठ खराब झालं त्यांना माझ्या घरची बाजरी दळून देईन म्हणालो. मग तीच डबेवाली म्हातारी म्हणाली, "म्हंजी तुजी पोरगी झोपावी म्हनून आमचं दात पाडाय निगाला हुतास?" आणि सगळी रांग हसायला लागली. नवऱ्याची बोलणी खाल्लेली मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आमच्या मालकाला तेवढं तुमी सोता येऊन सांगा." मी गेलो आणि सांगितलं. त्यांनी चहा दिला, पण तिची माफी मागितली की नाही ते मला कळलं नाही.

दगड खराब झाले होते. त्यांना टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करून घ्यायचे, तर कारागीर दुसऱ्या गावाहून येणार, आणि तोवर गिरणी बंद. बायकोची हजर व्हायची तारीख तोंडावर आलेली. गिरणी नाही म्हणजे आवाज नाही. पण गिरणी नाही म्हणजे दारात गिऱ्हाईकही नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्या दुपारी मी दार लोटलं, पण आतूनच. लेकीला गादीवर ठेवलं आणि शेजारी बसलो. बायको म्हणाली, "मी काकूंकडे जाऊन बसते, मला ऐकवणार नाही." लेक रडली. मी पोटावर हात ठेवला, उचललं नाही, पण उठूनही गेलो नाही. काय बोलावं सुचेना म्हणून घशातून गिरणीसारखा आवाज काढायला लागलो. घुर्र, घुर्र. ती रडायची थांबून माझ्या तोंडाकडे बघायची, पुन्हा रडायची. आईने दाराच्या फटीतून पाहिलं आणि म्हणाली, "आता बापालाच टाकी लावा." शेवटी लेक झोपली. तिच्या पापण्या ओल्या होत्या आणि माझाही चेहरा कोरडा नव्हता. आपण बरोबर करतोय की नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

थोड्या वेळाने बायको परत आली. तिच्या पाठीला, केसांना पीठ लागलेलं. काकूंकडे पीठ कुठलं? ती बंद गिरणीत, भिंतीला पाठ लावून, सगळा वेळ पोत्यावर बसून होती. मी नुसतं पीठ झटकलं.

पुढच्या दुपारी लेक कमी रडली. त्याच्या पुढच्या दुपारी जास्त. मग पुन्हा कमी. मी घशातली गिरणी हळूहळू बंद करत आणली; आधी आवाज बारीक, मग नुसता हात, मग नुसतं शेजारी बसणं. टाकी लावून झाली तरी दुपारी गिरणी सुरू करायची नाही असं ठरवलं.

बायको हजर झाली त्या सकाळी लेकीने तिला हात हलवून निरोप दिला, कारण तिला वाटलं ती बाजाराला चाललीय. दुपारी गादीवर ठेवल्यावर मात्र तिने दाराकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ओठ काढला. रडली. मी बसून राहिलो. माझं बोट धरून ती कधी झोपली ते मलाही कळलं नाही, कारण माझाही डोळा लागला होता.

फोनच्या थरथरीने जागा झालो. बायको.

"झोपली?"

"झोपली," मी कुजबुजलो.

"रडली?"

थोडी, असं ओठावर आलं होतं. पण दगडाच्या प्रकरणानंतर मी तिच्याशी काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं. "रडली. दाराकडे बघून रडली. मी इथेच होतो."

मला वाटलं आता ती म्हणेल, मी निघते. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. मग तिने नाक ओढल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "संध्याकाळी येते. माझा तास आहे."

तिने फोन बंद केला नाही. बहुतेक तसाच टेबलावर ठेवला. मीही बंद केला नाही. गलका हळूहळू विरला, फळ्यावर खडू वाजला आणि तिचा शाळेतला आवाज आला, जो मी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. घरच्यापेक्षा मोठा आणि मोकळा.

"चला, अपूर्णांक. आणि मागच्या बाकावरचे साहेब, उठा. झोपायचं काम घरी करतात."