शेडमधली आमच्या घराची जागा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माहेरापासून सगळे सांगत आलेत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आता वाटतं. आता इतकं वाटतं की आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत मारून घ्यावी.

पळसदेवच्या वरच्या अंगाला आमची वस्ती आहे. तिथून बारामतीकडं जाताना डाळिंबाची एक शेड लागते. डाळिंब निवडायचं, पुसायचं, खोक्यात भरायचं आणि परदेशी पाठवायचं. तिकडच्या एका मोठ्या दुकानाच्या गावोगाव शाखा आहेत म्हणे, सगळा माल त्यांच्याकडंच जातो. त्या शेडमध्ये आमच्या घराची एक जागा होती. माझी नव्हे, घराची. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरनंच झालं.

सासऱ्यांच्या काळात घरी मेंढरं होती. मेंढरांमागं आज कोण गेलं, हे कुणी लिहून ठेवत नव्हतं. एकाला ताप आला की दुसरा काठी उचलायचा. मेंढरं उपाशी राहू नयेत, एवढंच बघायचं. पुढं मेंढरं गेली आणि शेड आली. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथं कामाला लागल्या. त्यांचे गुडघे धरायला लागले तसं एक दिवस त्या, एक दिवस मी, असं करत करत मीच जायला लागले. नाव त्यांचंच राहिलं. हजेरीला अंगठ्याचं मशीन बसलं तेव्हा माझा अंगठा त्यांच्या नावावर चढला. मॅनेजरला ठाऊक होतं, वॉचमनला ठाऊक होतं. आमचं धरून अशी अकरा घरं होती. यात काही चोरी आहे, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. नवऱ्याचा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेल्यापासून तर आमचं घर त्या एका जागेवरच उभं होतं.

मग त्या दुकानवाल्यांनी आमच्या शेडला भागीदार म्हणायला सुरुवात केली. भागीदार म्हणजे, तुमच्या बायकांना नीट वागवा, पाणी वाया घालवू नका, तरच माल घेऊ. खोटं कशाला बोलू, त्यांच्यामुळं चांगलंही झालं. संडास झाले, प्यायला गार पाणी आलं, फळं धुतलेलं पाणी आधी ओढ्यात सोडायचे, ते गाळून झाडांना जाऊ लागलं. भिंतीवर मराठीत कागद लागले, 'न घाबरता बोला.' एकदा आम्हाला ओळीनं बसवून सिनेमासुद्धा दाखवला. त्यातली बाई मोकळेपणानं बोलते आणि तिचं भलं होतं. मला तो सिनेमा फार पटला. माझ्यासारखीच होती ती.

त्यांच्या वतीनं तपासणीला एक मॅडम आल्या, पुण्याच्या. एकेकीला आत बोलावत होत्या. मॅनेजरनं आम्हाला कागदावरचं नाव आणि वय पाठ करून घ्यायला सांगितलं होतं. डोक्यावर टोपी आणि तोंडावर मास्क, त्यामुळं वयाचं कुणाला कळत नव्हतं. मीही पाठ केलेलं धडाधड म्हणून टाकलं. मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. तुम्ही सांगाल त्याला तुमचं नाव लागणार नाही, असं म्हणाल्या. मग विचारलं, आजारी पडलात तर रजा मिळते का?

इथं माझी मती फिरली. मला वाटलं, आमच्या घराचं कौतुक सांगायची हीच वेळ आहे. मी म्हणाले, "रजा कशाला लागती मॅडम? आमच्यात जागा घराची आसती. मी पडले तर घरातलं दुसरं येतं. इतक्या वरसांत आमच्या घराचा एक खाडा न्हाय."

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, मास्क काढायला सांगितला. मग अगदी हळू विचारलं, "ताई, आज तुम्ही कोण आहात?"

काय सांगणार होते? सगळं सांगितलं. घरातलं लहान कुणी कधी येऊन गेलं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी गप्प झाले. माझ्या तापात दहावीतली माझी लेक तीन दिवस येऊन गेली होती. आयुष्यात एकदाच गप्प बसले, आणि तेही नेमकं नको तिथं. मॅडमनी लिहून घेतलं. त्या वाईट नव्हत्या हो. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. वाईट असत्या तर निदान त्यांच्या नावानं बोटं मोडता आली असती.

आठ दिवसांत हुकूम आला. ज्या बाईचं नाव, तिनंच सोमवारी यायचं, आधार कार्ड आणायचं आणि अंगठा नव्यानं द्यायचा. नाही आली तर जागा गेली. पुढची तपासणी होईपर्यंत नवं माणूस घ्यायचं नाही. मॅनेजरच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. माझ्या नावानं घ्या, मला काम येतं, म्हणून किती विनवलं. तो म्हणाला, "तूच बोललीस ना? आता माझ्या हातात काय हाय?" बाकीच्या दहा घरांच्या बायका माझ्याशी बोलेनात. एकीनं वाटेत गाठून तोंडावर सांगितलं, तू आमच्या चुलीत पाणी ओतलंस. मी ऐकून घेतलं. काय चुकीचं बोलत होती ती?

आत्या म्हणाल्या, "मी जाते. नाव माजंच हाय की."

उठून मोरीपर्यंत जायला त्यांना भिंत धरावी लागते, आणि त्या आठ तास उभं राहणार होत्या. मी नको म्हणाले नाही. हे सांगताना लाज वाटते, पण नाहीच म्हणाले. उलट तीन दिवस त्यांना ओट्याशी उभं करून सवय करून घेतली. त्या दात आवळून उभ्या राहायच्या.

सोमवारी त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं, गुडघ्याला फडकी बांधली. शेडच्या दारात रांग होती. आधार कार्ड बघितलं, नाव जुळलं, तोंड जुळलं. मग त्यांनी मशीनच्या काचेवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. वॉचमननं त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, तेल लावलं, दुसरा अंगठा घेतला, दहाही बोटं लावून झाली. सगळी लाल. खुरपून, वेचून, डाळिंबं पुसून पुसून बोटांवर रेघच उरली नव्हती. मॅनेजर म्हणाला, अंगठ्याशिवाय आत घ्यायचं नाही, वरनं सक्त हुकूम आहे.

आत्यांनी आपला अंगठा डोळ्यांपुढं धरून बघितला. मग काय वाटलं कोण जाणे, माझा हात धरला आणि माझा अंगठा काचेवर दाबला. जुने ठसे अजून मशीनमध्येच होते. हिरवा दिवा लागला आणि आत्यांचं नाव आलं.

मॅनेजरनं मान खाली घालून दोन बटणं दाबली आणि ते नाव पुसलं. मग पुढच्या बाईला बोलावलं.

आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत दगडावर बसलो. आत्या गुडघे चोळत होत्या. माझ्याकडं न बघता, आम्ही आळीपाळीनं शेडला जायचो तेव्हा म्हणायच्या तसंच त्या म्हणाल्या, "आज माज्यानं न्हाय झालं बाय. उद्या तू जा."

मी व्हय म्हणाले.