गादीखालचं माप

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरातली पोरं तोंडावर काकू म्हणायची आणि पाठीमागे गवसणी. वाद्यावर धूळ बसू नये म्हणून घालतात ती खोळ, गवसणी. नाव कोणी ठेवलं ते कुणी कबूल करत नाही, पण बसलं चपखल. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत कपडे कमी आणि खोळी जास्त होत्या. आठवडाभरात रेडिओला झालर आली, शिलाई मशीनला टोपडं आलं, टेलिफोनच्या रिसिव्हरला बाही आली. सासूबाई म्हणाल्या, "हिच्यापुढे फार वेळ बसू नका. ही मलासुद्धा शिवून टाकेल."

तिला दोष देण्यात अर्थ नाही. वडिलांची कोळशाची वखार आणि घर वखारीच्या माडीवर. दार उघडलं की काळी पूड. पाण्याच्या भांड्यावर, पावावर, पाळण्यातल्या भावंडावर. जे झाकलं तेवढंच पांढरं राहायचं, हे ती बोलायला लागण्याआधी शिकली. पुढे त्याचाच धंदा केला. मोटारींच्या सीटा, सोफे, दवाखान्यातली बाकं, या सगळ्यांची कव्हरं शिवायची. एक खोली, दोन मशिनी, तोंडात टाचण्या, कानावर खडू. एकदा माणूस खुर्चीतून उठला की खुर्चीकडे बघून त्याचं माप सांगायची. आणि स्वतः मात्र खुर्चीत बसायची नाही. जेवायलासुद्धा अर्धी उभीच. माझ्यासारखीला, जिला एक काम संपल्यावर पाय पसरून वाचत बसायला आवडतं, हिच्याबरोबर एका स्वयंपाकघरात राहून जीव नकोसा व्हायचा.

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचे. निवृत्त झाले आणि धक्क्याला सडत पडलेली एक जुनी बोट घेऊन ती त्यांनी राहण्याजोगी केली. आम्हाला वाटलं, गवसणी काही जायची नाही. ती पहिल्या दिवशी बॅग घेऊन हजर. आत एक बसायची खोली, तिथेच स्टोव्ह, आणि पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना झोपायचे बर्थ. बर्थ म्हणजे लाकडी पेटी, वर फळी, फळीवर गादी. गाद्या अर्थात हिनेच शिवल्या. वरून मऊ कापड, बाजूंनी आणि खालून जाड रेक्झिन, दुहेरी शिवण, कडेला पायपिंग, एका अंगाला चेन. गादीखाली आणखी प्लॅस्टिकचा कागद. सकाळी उठल्याउठल्या वर चादर अशी ताणून घालायची की त्यावर नाणं टाकलं तर उसळावं.

"खालून पाण्याचा थेंब चढायचा नाही," ती मला अभिमानाने म्हणाली होती.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा, सून आणि दुडदुडत चालणारा नातू राहायला आले. पहिल्याच रात्री पोराची छाती शिटीसारखी वाजायला लागली. सकाळी सुनेने पोराच्या गादीची चेन ओढली. आत काळे ठिपके, मिऱ्याची पूड सांडावी तसे, आणि कुबट भपकारा. तिने चेन परत लावली, बॅग भरली, आणि ते तिघं लॉजवर गेले.

ती न बोलता गेली हेच गवसणीला लागलं. भांडली असती तर हिने उलट ऐकवलं असतं. पण स्वतःच्या हातच्या शिवणीच्या आत बुरशी, आणि ती सुनेने उघडून बघितलेली. वर डॉक्टरांनी सांगितलं, अशा जागी मुलाला झोपवू नका.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुम्हीच या ना इकडे." ती गेली, राहिली, परत आली. तिथे सगळं चांगलं होतं, पण तिथे ती पाहुणी. तिला नातू आपल्या छपराखाली, आपण शिवलेल्या गादीवर निजलेला हवा होता. त्याहून जास्त काही तिने आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही, आणि मी तिला बरीच वर्षं सोसलं आहे.

या वर्षी मुलाने कळवलं, येतो. पण सुनेने फोन घेतला आणि सरळ सांगितलं, "आई, एक रात्र बघू. मी नाक दाबून राहीन, तो कसा राहणार? वास आला तर आम्ही लॉजवर जाऊ. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

फोन ठेवला आणि हिने मला लावला. "ताई, नाक घेऊन या. आम्हाला आता वास कळत नाही."

मी गेले. धक्क्यावरून बोटीत पाऊल टाकलं आणि जिना उतरायच्या आधीच म्हणाले, "येतोय."

"किती?"

"किती काय किती? बंद माळ्यावर भिजलेली घोंगडी ठेवावी इतका."

ती तिथल्या तिथे गोल फिरली. फोम नवा आणला होता, कव्हरं नवी शिवली होती, खालचं रेक्झिन आता दुपदरी केलं होतं. कपाटांत डांबराच्या गोळ्या, कोपऱ्यात कोळशाच्या पुरचुंड्या. छताची झडप बंद, खिडक्या बंद, खिडक्यांच्या फटींत कापडाच्या गुंडाळ्या. बाहेर दमट हवा आहे, ती आत येऊ नये म्हणून.

"पाणी कुठून तरी चढतंय," ती म्हणाली. "ह्यांची बोट गळतेय आणि हे कबूल करत नाहीत."

"बोट पाण्यात आहे," भाऊजी स्टोव्हपाशी चहा गाळत म्हणाले, "पण पाणी बोटीत नाही. तळ कोरडा आहे. वहिनी, तुम्ही हात घालून बघा, हिचा माझ्यावर विश्वास नाही."

मी हात घातला. कोरडा होता. मग मी तिला सांगितलं. मी रसायनशास्त्र शिकले, त्यात मोठेपणा नाही, पण एवढं तरी कळतं. माणूस रात्रभर घाम सोडतो, वाफ सोडतो. ती फोममधून खाली जाते. खाली फळी गार, रेक्झिन गार. तिथे तिचं पाणी होतं. वरून लगेच चादर, खालून रेक्झिन, ते जाणार कुठे? गाद्या सकाळी उभ्या कर, झडप उघड, तळाला हवा खेळेल असं काहीतरी लाव.

"म्हणजे आम्ही घामट," ती म्हणाली.

"तू नाहीस," भाऊजी म्हणाले. "मी."

"गप्प बसा. ताई, रेक्झिन मी चाळीस वर्षं शिवतेय. पाणी शिरलं असेल तर शिवणीतून. दोरा सुटला असेल. मी शोधते."

एकदा तिच्या डोक्यात शिरलं की बाहेर काढायला सुतार लागतो. मी चहा प्यायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भाऊजींना अंथरुणातून जवळजवळ ढकलून काढलं. गादी उलटी केली. खालचं रेक्झिन बाहेरून कोरडं. प्लॅस्टिक कोरडं. फळी कोरडी. माझं तोंड बंद असूनही बोलत असावं, कारण ती म्हणाली, "हसू नका." मग चेन ओढली, फोम बाहेर काढला. त्याचा तळ ओला. मोठा गडद डाग. कानावरचा खडू काढून तिने डागाच्या कडेने रेघ मारली. कोणत्या शिवणीपासून पाणी सुरू होतंय ते बघायला. एकाही शिवणीला डाग टेकत नव्हता. कडेपासून चांगला वीतभर आत, अगदी मध्ये.

"ऊन कमी पडलं," ती स्वतःशीच म्हणाली, ज्याचा कशाशी संबंध नव्हता. फोम वरती नेऊन वाळवला, परत घातला, चेन लावली. दिवसभर बोटीत या टोकाकडून त्या टोकाला. मी पुस्तक उघडलं की म्हणे, "येतोय का?" मिटलं की म्हणे, "आता?" शेवटी मी म्हटलं, "माझं नाक म्हणजे काय भिंतीवरचं घड्याळ आहे?" मुलगा परवा यायचा होता.

पुढच्या सकाळी तेच. गादी उलटी, चेन, फोम. खडू. कालची रेघ होती, तिच्यावर आजची पडली. या वेळी ती सरळ उभी राहून लांबून बघायला लागली, कापड बेतताना बघते तशी मान तिरकी करून. मग टेप काढला. वरच्या रुंद भागावर धरला, मधल्या अरुंद भागावर धरला, खाली जिथे डाग कोपऱ्यासारखा वळला होता तिथे धरला.

"खांदा," ती म्हणाली. "कंबर. हा गुडघा मुडपलाय. ताई, हे ह्यांचं माप आहे."

भाऊजी कप घेऊन आले आणि वाकून बघितलं. "पोट जरा जास्त दाखवलंयस."

"डाग खोटं सांगत नाही," ती म्हणाली, आणि बर्थच्या काठावर बसली. नीट, दोन्ही पाय टेकून, पाठ टेकवून. तिला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला भीती वाटली.

"म्हणजे मी आत कोंडत होते," ती म्हणाली. "मागच्या वर्षीसुद्धा. पोराचंच पाणी पोराच्या खाली."

मी "तेच तर सांगत होते" असं म्हणणार होते. म्हटलं नाही. तिचं ते बसणं फार टिकलंही नाही, कारण ती उठली आणि ब्लेड शोधायला लागली.

स्वतःच्या हातची दुहेरी शिवण उसवताना मी तिला पाहिलं. शिवताना लागतो त्याहून जास्त जोर उसवताना लागतो. इतकं घट्ट तिने दुसऱ्या कुणासाठी शिवलं नसेल. खालचं रेक्झिन टराटरा निघालं. त्या जागी जाड जाळी लावली, हातमशीन बसायच्या खोलीत मांडून. प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून धक्क्यावर ठेवला. भाऊजींनी फळ्यांना ड्रिलने भोकं पाडली, आणि भोकागणिक तिचा चेहरा आक्रसत होता.

"चाळण केलीत माझ्या घराची."

"पीठ चाळायला होईल," भाऊजी म्हणाले.

फळ्या आणि बर्थच्या पेट्या व्हिनेगरने पुसल्या. खिडक्यांतल्या गुंडाळ्या निघाल्या. झडप उघडली. आणि सगळ्यात कठीण ते शेवटी. सकाळी गाद्या उठवून कडेवर उभ्या करायच्या आणि तशाच ठेवायच्या. धक्क्यावरून जाणाऱ्या कुणालाही उघड्या फळ्या दिसणार, त्यांना भोकं, जाळीतून आतला फोम. तिचा हात चार वेळा चादरीकडे गेला. पाचव्यांदा गेला तेव्हा मी चादर माझ्या बॅगेत कोंबली आणि वर बसले.

"चोर," ती म्हणाली.

"येऊ दे पोलीस. मी उठणार नाही."

मुलगा, सून, नातू, सगळी आली. सुनेने जिना उतरताना श्वास घेतला, आमच्यापासून लपवत, पण मला दिसलं. मग ती बर्थपाशी गेली, आणि तिचा हात चेनवर थांबला. बघू की नको, अशी.

"उघड ना," गवसणी म्हणाली. "तळाशी बघ. ठिपका दिसला तर मीच तुमची बॅग लॉजवर पोचवते."

सुनेने चेन ओढली, हात आत घातला, बाहेर काढला, हात हुंगला. "कोरडंय," एवढंच म्हणाली. पण मुलाने बॅग खांद्यावरून उतरवली नाही. एक रात्र बघू, हे ठरलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी सांगते ती अशी. पोरगा अजून झोपलेला. आम्ही पाच मोठी माणसं त्या एवढ्याशा बोटीत श्वास रोखून उभी, आणि गवसणी दर थोड्या वेळाने वाकून त्याच्या छातीला कान लावतेय. सून म्हणाली, "आई, बसा." ही बसली नाही. मग पोराने डोळे उघडले, इतक्या जवळ आजीचा कान बघून तो पकडला, आणि जोरात ओढला. शिटी नाही, खोकला नाही. मुलाने बॅगेतले कपडे काढून हुकाला अडकवले.

ते आठवडाभर राहिले, आणि तो आठवडा आम्हाला तिने बसू दिलं नाही. झाकण्याचं वेड गेलं, उघडण्याचं आलं. चहाचा कप अर्धा झाला की, "उठा, गादीला हवा लागू द्या." मुलगा म्हणाला, "आई, आम्ही पण कडेवर उभे राहू का?" भाऊजी म्हणाले, "तू उभा राहा, मी वाळलोय."

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा भरल्या, आणि तिने पोराची गादी उचलली. फळीवर पुसट ओल होती, काचेवर फुंकर घातल्यासारखी. एवढासा खांदा, एवढीशी पाठ, पाय पोटाशी घेतलेले.

भाऊजींनी मागून डोकावून विचारलं, "यानं रात्री काही केलं तर नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "हा नुसता झोपलाय."

मी पुन्हा वाफेचं शास्त्र सांगण्याच्या बेतात होते, पण तिने कानावरचा खडू काढला होता. ओल कडेने सुकायला लागली होती, म्हणून तिने घाई केली. गुडघ्यांवर बसून, भोकं चुकवत, त्या एवढ्याशा अंगाभोवती एक सलग रेघ. रेघ पुरी झाली तेव्हा आतली ओल निम्मी उडाली होती. तिचा हात सवयीने इकडेतिकडे चाचपला. काय शोधतेय ते मला कळलं. रेघ पुसू नये म्हणून वर घालायला काहीतरी.

"प्लॅस्टिक धक्क्यावर आहे," मी म्हटलं. "आणतेस?"

"नको," ती म्हणाली, पण नजर जिन्याकडे गेलीच.

सून पोराला कडेवर घेऊन आली. तिने फळीकडे बघितलं, पोराकडे बघितलं. त्याचा पाय रेघेवर धरून बघितला.

"पुसली तर पुसू दे, आई," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नाहीतरी परत काढावी लागेल. माप वाढलेलं असेल."

गवसणीने मान डोलावली आणि लगेच उठली. बर्थखालची पेटी उघडायची राहिली होती, तिलाही वारा लागायला हवा होता.