आईची पाठ

पुण्यात कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझा हात थांबला. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. ‘घर’ या विषयावर पोस्टर करायचं होतं आणि मी मासिकांत पाहिलेले उतरत्या छपरांचे बंगले काढत होते. सरांनी शांतपणे विचारलं, यात तू कुठं आहेस? त्यानंतर कोरा कागद पुढं आला की मी पेन्सिल खाली ठेवून द्यायचे. वर्गातल्या पोरी लहानपणापासून रंगांत वाढलेल्या. माझे वडील मेंढरं विकून कारखान्यात लागलेले. आपण चुकून इथं आलोय, असं वाटायला लागलं.

शेवटी कॉलेज सोडायचं ठरवून एसटीत बसले. घर कळसला, इंदापूर तालुक्यात. पण वडिलांना सांगायचा धीर होईना, म्हणून वाटेत कऱ्हाटीला उतरले. थोरली बहीण तिथं दिलेली. आई गेली तेव्हा मी फार लहान होते. अक्कानंच मला वाढवलं.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. सोड म्हणाली नाही, सोडू नको असंही म्हणाली नाही. दुपारी भांडी आवरून माझ्याजवळ येऊन बसली.

“जायच्या आधी मला आई काढून दे,” ती म्हणाली. आमच्याकडं आईचा एकही फोटो नव्हता.

“मला चेहरा आठवत न्हाय, अक्का.”

“मला बी आता धड आठवत न्हाय,” ती म्हणाली आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

मी पेन्सिल घेतली. ती सांगत गेली, मी काढत गेले. नाक खोडलं, डोळे खोडले, कागद फाटला. कुणीतरी परकीच बाई समोर यायची. मग अक्का म्हणाली की वडील कळप घेऊन परत यायच्या वेळेला आई दारात बसायची, एक गुडघा उभा करून, वाटेकडं बघत. आपण दोघी तिच्या मागं असायचो.

मी मागूनच काढायला घेतली. सैल अंबाडा, मानेवर ओढलेला पदर, जरा डावीकडं कललेले खांदे. ते खांदे अक्कानं सांगितले नव्हते. ते माझे मलाच आठवले.

अक्का बघत राहिली. “हीच,” एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

मी कळसला न जाता पुण्याला परतले. पोस्टरवर पाठमोरी बाई, दार आणि रिकामी वाट काढली. सरांनी ते ठेवून घेतलं. पुढच्या कामांतही अडले, पण सोडून जावंसं पुन्हा वाटलं नाही.

ते पहिलं चित्र मी अक्काकडं कितीदा मागितलं. तिनं दिलं नाही. आज हजारो चेहरे काढून झालेत. आईचा अजून काढता येत नाही. कधी कधी वाटतं, तेव्हा एकदा तरी तिनं मागं वळून बघायला हवं होतं.