साडूची पाठ

काचवाल्याला पळण्याचं खूळ लावलं ते त्याच्या साडूने. तोवर काचवाला आयुष्यात पळाला होता तो फक्त लहानपणी, कुत्रं मागे लागल्यावर. चौकाच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. खिडक्यांना काचा बसवायच्या, आरसे कापून द्यायचे, फ्रेमा करायच्या. पन्नाशी जवळ आली तसं त्याचं पोट त्याच्याआधी गिऱ्हाइकाच्या स्वागताला पुढे यायला लागलं होतं. बायको म्हणायची, "दिवसभर आरशांत राहता आणि तुम्हाला एवढं दिसत नाही, कमाल आहे!"

साडू गणिताचा मास्तर. काचवाल्याच्या बायकोची धाकटी बहीण त्याला दिलेली. अंगाने काटकुळा, बोलणं मोजकं. एकदा जेवण झाल्यावर हात पुसता पुसता तो सहज म्हणाला, "दादा, उद्या सकाळी तळ्याकडे येता का? तुम्ही नुसतं चाला. मी पळतो."

चालता चालता काचवाला पळायलाही लागला. आधी दोन खांबांमधलं अंतर, मग पुलापर्यंत, मग तळ्याला पूर्ण वळसा. पहिला वळसा पुरा झाला त्या दिवशी तो बाकावर लोळला आणि मास्तर त्याच्या शेजारी उभा राहून हसत राहिला. मास्तराला इतकं हसताना काचवाल्याने लग्नातही पाहिलं नव्हतं.

घरी दोघं एकमेकांना अहो-जाहो करायचे. सासरचं नातं, त्याची इस्त्री मोडून चालत नाही. पण तळ्याच्या रस्त्याला लागले, की दम राखायला म्हणा किंवा आणखी कशाने, 'अहो'तला 'हो' गळून पडायचा. "अरे, हळू घे, चढ आहे." "तू हो पुढे, मी येतो मागून." घराच्या फाटकापाशी परत आले की पुन्हा अहो. ही गंमत दोघांनाही कळली होती, पण बोलून दाखवली नाही कोणी.

रविवारी तिथे पळणाऱ्यांचा आठ-दहा जणांचा घोळका जमायचा. कोणी बॅंकेतलं, कोणी दवाखान्यातली नर्स, कोणी निवृत्त झालेला बसचालक. त्या सगळ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. आज कोण किती पळालं, कोणाची नडगी दुखते, कोणाची टाच धरली, बर्फ लावायचा की शेक द्यायचा, याच्या रोज चर्चा. एकाने दुखणं सांगायचा अवकाश, बाकीचे सगळे वैद्य. टाच दुखली तर पायरीवर उभं राहून टाचा खाली-वर कर. गुडघा कुरकुरला तर मांडीला बळ आण. अंतर एकदम वाढवू नको, झोप पुरी घे, बूट बदल. आणि खोटं कशाला सांगा, या उपायांनी बऱ्याच जणांना गुण यायचा. खुद्द काचवाल्याची टाच एकदा महिनाभर ठणकत होती, ती मास्तराने पायरीवरच्या व्यायामानेच बरी केली. तेव्हापासून काचवाल्याचा त्या ज्ञानावर ठाम विश्वास बसला. नवशिक्याचा विश्वास जरा जास्तच घट्ट असतो.

थंडीतल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीला दोघांनी नाव घातलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तराची कंबर दुखायला लागली.

"कुठे रे?" काचवाल्याने विचारलं.

"इथे, जरा वर. पाठीत. बसून बसून पेपर तपासतो ना, त्याने असेल."

त्याने ग्रुपवर विचारलं. उत्तरांचा पाऊस पडला. खुब्याचे स्नायू कमजोर असतील. पोटाचे व्यायाम कर. रोलरवर पाठ लाटून घे. काचवाल्याने तर दुकानाच्या मागच्या खोलीत, काचांच्या पेट्या बाजूला सरकवून सतरंजी अंथरली आणि साडूला व्यायाम करायला लावले. "गुडघे वर घे. आता कंबर उचल. धर, धर, सोडू नको." मास्तर ओठ दाबून सगळं करायचा. कपाळावर घाम यायचा. काचवाला म्हणायचा, "दुखतंय म्हणजे लागू पडतंय."

हे वाक्य पुढे त्याला जन्मभर पुरलं.

विश्रांती घेतली तरी दुखणं हटेना. मास्तर म्हणायचा, पळताना एक वेळ बरं वाटतं, आडवं झालं की जास्त ठणकतं. त्याचं वजन उतरत होतं. गालाची हाडं दिसायला लागली, तर ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं धाडली. 'मास्तर तर हरीण झाले!' 'शर्यतीसाठी हेच वजन पाहिजे!' काचवाल्याला सुद्धा हेवा वाटला. आपलं पोट हलायचं नाव घेत नाही आणि हा बघा.

मास्तरही दुखणं अंगावर काढणाऱ्यातला. शाळेचं सहामाहीचं काम, मग निकाल, मग शर्यत झाल्यावर बघू. शर्यत झालीच नाही त्याची. एका सकाळी पुलाच्या अलीकडे तो थांबला, कठड्याला धरून खाली बसला आणि म्हणाला, "दादा, पाय ऐकत नाहीयेत रे."

काचवाल्याने त्याला पाठुंगळीला घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. तेव्हा त्याला कळलं, की वजन उतरलं उतरलं म्हणून आपण ज्याचं कौतुक करत होतो, त्या माणसात आता उचलण्यासारखं काहीच उरलेलं नाही.

रोग मूत्रपिंडात होता आणि तिथून पाठीच्या मणक्यात उतरला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं झालं होतं. इस्पितळाच्या बोळात काचवाल्याने डॉक्टरीणबाईंना गाठलं.

"आधी आलो असतो तर?"

त्यांनी चष्मा काढला. "थोडा वेळ जास्त मिळाला असता. कदाचित त्रास कमी झाला असता. किती, ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत."

त्यांनी 'तुमच्यामुळे झालं' म्हटलं असतं तर काचवाला त्यांच्याशी भांडला असता, 'काही फरक पडला नसता' म्हटलं असतं तर सुटला असता. त्यांनी खरं सांगितलं आणि तो मधल्या मधे लटकला.

मास्तर पुढचा उन्हाळा पाहू शकला नाही. शेवटच्या दिवसांत काचवाला रोज दुकान लवकर बंद करून त्याच्या उशाशी बसायचा. खोलीत सगळे असताना एकदा मास्तर म्हणाला, "अरे, तू पळतोस ना अजून?" बायको आणि मेहुणी दोघी चमकून बघायला लागल्या. या दोघांचं अरे-तुरे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"पळतो," काचवाला म्हणाला. ते खोटं होतं. बूट पलंगाखाली गेले होते ते परत निघाले नव्हते.

मास्तर गेल्यावर ग्रुपने त्याच्या आठवणीत तळ्याला एक वळसा घातला. काचवाला गेला नाही. काही आठवड्यांनी ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'खुब्यात कळ येते, काय करू?' लगेच व्यायामांची माळ सुरू झाली. एरवी काचवाला ग्रुपवर चार ओळींच्या वर कधी लिहीत नसे. त्या दिवशी त्याने लिहिलं, 'आधी डॉक्टरला दाखवा. आज.' दुसऱ्या दिवशी विचारलं, 'गेलात का?' तिसऱ्या दिवशी परत. त्या माणसाचा स्नायू नुसता ताणलेला निघाला. लोक मागून हसले असतील. काचवाल्याला कोणी काही म्हटलं नाही, पण पुढे कोणाचं काही दुखलं तर ते ग्रुपवर सांगेनासे झाले. त्याला वाटलं होतं, आपण कोणाला तरी वाचवू. झालं असं, की लोक दुखणं लपवायला लागले. मग त्याने ग्रुपच सोडला.

एका दुपारी मेहुणी दुकानात आली. फ्रेम करायला मास्तराचा फोटो घेऊन आली होती. काचवाल्याने काच पुसली, मापाची रेघ ओढली, काच कापायचा हिरा उचलला आणि फोटोकडे बघून परत खाली ठेवला.

"भाऊजी, एक विचारू?" ती स्टुलावर बसत म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं रोज सकाळी बरोबर असायचात. हे माझ्याबद्दल काही बोलायचे का?"

तिच्या तोंडाकडे पाहून त्याच्या जिभेवर आलं होतं, हो, फार कौतुक करायचा. तेवढ्याने तिचं भागलं असतं. पण त्याच्याने ते बोलवेना.

"नाही गं," तो म्हणाला. "आम्ही असलं काही बोललोच नाही. टाच, गुडघा, बूट, चढ. तेवढंच. मी त्याची पोटरी ओळखायचो, मनात काय चाललंय ते कधी विचारलं नाही." मग त्याने पुढचंही सांगून टाकलं. "आणि त्याची पाठ दुखत होती ना, तेव्हा मीच त्याला मागच्या खोलीत व्यायाम करायला लावायचो. ओढून डॉक्टरकडे न्यायचं सोडून."

रस्त्यावरून एक टेंपो गेला आणि भिंतीला टेकवलेल्या काचा किणकिणल्या.

"माझं काय वेगळं होतं?" ती म्हणाली. "मी रोज बाम चोळत होते त्यांच्या पाठीला. माझ्या हाताला हाडं लागत होती. मला वाटायचं, पळतात म्हणून वाळले."

काचवाल्याने मान खाली घातली. दोघांमध्ये मास्तराचा फोटो उताणा पडला होता.

"टाचेबद्दल काय बोलायचे?" तिने एकदम विचारलं.

"अं?"

"तेच सांगा. टाच, बूट, जे काय असेल ते. घरी तर तेही बोलायचे नाहीत माझ्याशी."

काचवाल्याने दुसरं स्टूल ओढलं. मग तो म्हणाला, चढ आला की तो उजवा खांदा जरा खाली पाडायचा. पुलावर कोणी नसेल तर पाढे म्हणायचा, एकोणीसचा, दम टिकतो म्हणायचा. बुटाची नाडी उजव्या पायाची दोनदा बांधायचा. मी मागे राहिलो तर कधी वळून बघायचा नाही, पण आपोआप हळू व्हायचा.

"पाढे?" मेहुणी म्हणाली. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. काचवाला बोलत राहिला. एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं, आतलं बघून काही न विचारता निघून गेलं.