मान थांबेपर्यंत
कान्हे स्टेशनाबाहेर बसणारा तो म्हातारा न्हावी गिऱ्हाइकाची मान स्थिर झाल्याशिवाय कात्री उचलत नसे. आधी डोक्याला पाणी चोळायचा, मग मानेवर दोन बोटं ठेवून मुकाट वाट बघायचा. लढाई सुरू झाल्यापासून भरतीला निघालेली कितीतरी डोकी त्यानंच भादरली होती.

बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्धं असताना एका सकाळी मीही त्याच्यापुढे बसलो.

"आबा, बारीक कापा. आजच भरती होतो. परीक्षा मागनं बघू."

त्यानं मानेवर बोटं ठेवली. बराच वेळ. मग हत्यारांची धोपटी बंद केली.

"मान हलतीया. तुजं अजून ठरलं न्हाई."

"ठरलंय!" मी ओरडलो.

"मग वरडतोस कशापायी?"

ओल्या डोक्यानंच मी गाडी पकडली. कॉलेज पुण्यात, भरतीचं ऑफिसही पुण्यातच. पुण्याला गाडी थांबली; मान काही थांबली नाही.