काळी पाचवर अडलेली पेटी

शांता भाता हलवत होती आणि मी पेटीला कान लावून हवा कुठून गळते ते बघत होतो. पैठण गेटजवळच्या माझ्या दुकानात आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं ते शेवटचं काम. दहा-बारा वेळा भाता हलवला अन् ती खाली बसली. "अहो, आता दम नाय."

मी चौथी शिकलेला माणूस. चाळीस वर्षं हार्मोनियम दुरुस्त करतो. ही पेटी आमच्या कॉलनीतल्या महिला भजनी मंडळाची. शांता तिथं पंधरा वर्षं गायली. तिला दमा. डॉक्टरीणबाई सांगायच्या, "आजी, गाण्यानं दमा जात नाही. पण गाताना श्वास हळूहळू सोडायची सवय राहते, छातीला व्यायाम होतो. सोडू नका." तिनं सोडलं नाय. तिला सोडायला लावलं.

मंडळाची पेटी वाजवायचे एक रिटायर मास्तर. स्पर्धा जवळ आली तसं ते म्हाताऱ्या बायांना म्हणाले, "तुमचा आवाज चढत नाय. स्टेजवर नुसते ओठ हलवा." शांता घरी आली, परत गेली नाय. चार महिन्यांत दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना थांबायला लागली.

पेटी उघडल्यावर माझं डोकंच फिरलं. प्रत्येक पट्टीखाली फेल्ट असतं, म्हणजे जाड लोकरी कापड. पट्टी दाबून दाबून ते झिजतं. सप्तकात बारा पट्ट्या. सात पट्ट्यांचं फेल्ट पार गेलेलं, पाचांचं कोरं. म्हणजे मास्तर जन्मभर त्याच सात पट्ट्यांवर, एकाच जागेवरून वाजवत होते. पाचवी काळी पट्टी, तिथं सा. लई उंच. वय झालं की बाईचा आवाज उतरतो. सा चार-पाच पट्ट्या खाली घेतला की ती मोकळं गाते. ह्यांना खालून वाजवताच येत नव्हतं, अन् खोट बायांच्या गळ्याची काढली!

शांताला दाखवलं. ती फेल्टवर बोट फिरवत म्हणाली, "पेटी द्यायला जाल तेव्हा मला घेऊन चला. मी येते गायला."

त्याच आठवड्यात ती गेली. मास्तरांनी मारलं असं मी म्हणत नाय. दम्यानं गेली. पण ते चार महिने तिच्या गाण्याचे होते.

तेरावं झालं अन् मास्तर पेटी न्यायला आले.

"मिस्त्री, वाईट झालं. वहिनींचा आवाज गोड होता."

"गोड होता तर बंद का केला?"

"स्पर्धेचं असतंय हो तसं."

"सा पाच पट्ट्या खाली, पांढरी चारवर घ्या अन् वाजवून दाखवा."

मास्तरांनी बोटं ठेवली, उचलली. "प्रॅक्टिस नाय."

"व्हय का? मग पेटी मिळणार नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी रिक्षात घातली अन् मंडळाच्या प्रॅक्टिसला मंदिरात गेलो. पांढरी चार धरली. मला सूर लावण्यापुरतंच वाजवता येतं. पहिल्यांदा कुणी तोंड उघडेना. शेजारच्या सत्तरीच्या कमलबाई म्हणाल्या, "भाऊ, आवाज फाटंल माझा."

"फाटू द्या."

त्या गायल्या. मधे खोकल्या, परत गायल्या. मग सगळ्याच गायल्या.

मास्तर दारात येऊन उभे होते. मी म्हटलं, "या, बसा, बोटं कुठं पडतात बघा. शिकायला दोन दिवसांचं काम आहे. त्यासाठी शांता चार महिने घरी बसली."